पिशवीच्या तोंडाची तपासणी : बार्शी-धाराशिवचा इतिहास आणि आपल्या हातातला रिपोर्ट



या व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा आयोजकांनी आम्हाला विचारलं, "बायकांचा विषय आहे, तर दुपारी फक्त महिलांसाठी ठेवायचा का?" आम्ही म्हटलं, नको. नेहमीच्या वेळेला, संध्याकाळीच ठेवा आणि पुरुषांनाही येऊ द्या. कारण बाईचा रिपोर्ट येतो तेव्हा तो वाचतो बहुतेक वेळा घरातला पुरुष. पुढे अकोल्याला न्यायचं की संभाजीनगरला, पैसे कुठून काढायचे, हे ठरवतोही तोच. आज समोर निम्म्याहून जास्त पुरुष मंडळी बसली आहेत, याचा आम्हाला आनंद आहे.

तर तो रिपोर्ट. एक कागद असतो. वर प्रयोगशाळेचं नाव, खाली इंग्रजीत दोन-चार ओळी. 'एचपीव्ही डीएनए, हाय रिस्क : डिटेक्टेड' किंवा 'नॉट डिटेक्टेड'. कुठे 'पॉझिटिव्ह', 'निगेटिव्ह' असं लिहिलेलं असतं. पहिला शब्द वाचला की घरात रडारड सुरू होते. दुसरा वाचला की कागद कपाटात जातो आणि विषय संपतो. दोन्ही वेळा आपण त्या कागदाला जे म्हणायचं असतं त्यापेक्षा वेगळंच काहीतरी ऐकतो.

या दोन शब्दांचा अर्थ कसा ठरला, कोणी ठरवला, कुठे ठरला? हा आजचा इतिहास. आणि गंमत अशी की त्याचा सगळ्यात महत्त्वाचा भाग अमेरिकेत किंवा युरोपात घडलेला नाही. इथून देऊळगाव राजावरून जालन्याला उतरा, पुढे बीड ओलांडा, की जो मुलूख लागतो तिथे तो घडला. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, आजचा धाराशिव, आणि त्याला लागून असलेली सोलापूर जिल्ह्यातली बार्शी.

आधी थोडी मागची गोष्ट सांगू, म्हणजे बार्शीचं महत्त्व कळेल.

गर्भाशयाला आपल्याकडे पिशवी म्हणतात. त्या पिशवीचं तोंड योनीमार्गात उघडतं, त्याला गर्भाशयमुख म्हणायचं. आपण ज्या कॅन्सरबद्दल बोलतोय तो या तोंडाचा. शरीराच्या आतल्या बऱ्याच कॅन्सरपेक्षा हा एका बाबतीत वेगळा आहे. ही जागा डोळ्यांनी पाहता येते, तिथल्या पेशी हलक्या हाताने खरवडून घेता येतात. आणि हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. पेशी आधी बिघडतात, मग वर्षानुवर्षं त्या तशाच राहतात, काही पुन्हा ठीक होतात, थोड्या पुढे जातात. ही मधली वर्षं म्हणजे आपल्याला मिळालेली सवलत आहे.

ग्रीसमधून अमेरिकेत गेलेल्या जॉर्ज पापानिकोलाऊ नावाच्या संशोधकाने ही सवलत पहिल्यांदा वापरली. पेशी काचेवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकातून पाहायच्या. १९२८ साली त्याने हे मांडलं तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. त्याच्या बायकोने मात्र दिलं. वर्षानुवर्षं ती स्वतःच्या पेशी त्याला तपासायला देत होती. वैद्यकाच्या इतिहासात अशा बायकांची नावं तळटीपेत जातात, म्हणून इथे मुद्दाम घेतो : अँड्रोमाकी, म्हणजे मेरी पापानिकोलाऊ. १९४१ साली पापानिकोलाऊ आणि ट्राउट यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि 'पॅप' तपासणी जगाला माहीत झाली. त्याच १९४१ साली फेब्रुवारीत मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. म्हणजे कॅन्सर लवकर ओळखण्याचं साधन आणि आपल्याकडचं कॅन्सरचं मोठं रुग्णालय एकाच वयाचं आहे. पण पुढची पन्नास-साठ वर्षं ते साधन शहरातल्या मोठ्या दवाखान्यांबाहेर फारसं पडलं नाही.

का नाही पडलं? कारण पॅप म्हणजे फक्त काचपट्टी नाही. ती वाचणारा तयार माणूस लागतो. त्याच्यावर तपासणारा दुसरा लागतो. रिपोर्ट बाईपर्यंत परत पोचवणारी यंत्रणा लागते. आणि एका वेळच्या पॅपमधून बरंच काही सुटतं, म्हणून ती दर काही वर्षांनी पुन्हा करावी लागते. श्रीमंत देशांनी हे सगळं उभं केलं आणि तिथे या कॅन्सरचे मृत्यू घटले. संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात बसून हे कसं करायचं, याचं उत्तर पॅपकडे नव्हतं.

दुसरा धागा जर्मनीतला. हा कॅन्सर संसर्गातून होत असावा हा संशय जुना होता. सत्तरच्या दशकात बहुतेकांची बोट हर्पीसच्या विषाणूकडे होती. हराल्ड त्सुर हाउजेन मात्र चामखिळीच्या विषाणूंच्या घराण्याकडे, म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, एचपीव्हीकडे पाहत होते. १९८३ साली त्यांच्या गटाला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये सोळा क्रमांकाचा प्रकार सापडला, १९८४ साली अठरा क्रमांकाचा. २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. आज आपल्याला माहीत आहे की जवळजवळ प्रत्येक गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे हा विषाणू असतो.

पण, आणि हा 'पण' फार मोठा आहे, प्रत्येक विषाणूपुढे कॅन्सर नसतो. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू भेटतो आणि बहुतेकांचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला बाहेर काढतं. कळतही नाही. थोड्या बायकांच्या बाबतीत तो ठाण मांडून बसतो, आणि अशा बसलेल्या विषाणूपासून कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. प्रतिकारशक्ती कमी असेल, उदाहरणार्थ एचआयव्ही असेल, तर हा काळ लहान होतो.

म्हणजे नव्वदच्या दशकाच्या शेवटी तीन साधनं हातात होती. एक पॅप. दुसरं विषाणूची डीएनए चाचणी, महागडी. आणि तिसरं अगदी स्वस्त : गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावायचं, मिनिटभर थांबायचं, आणि बिघडलेली जागा पांढरी दिसते का ते साध्या डोळ्यांनी पाहायचं. याला 'व्हीआयए' म्हणतात. लोक याला व्हिनेगरची तपासणी म्हणतात, आणि ते काही चुकीचं नाही. प्रश्न असा होता : या तिघांपैकी कोणतं साधन, आयुष्यात एकदाच वापरलं तरी, खेड्यातल्या बाईचा जीव वाचवतं?

आता बार्शीला जाऊ.

बार्शीला नर्गिस दत्त यांच्या स्मरणार्थ उभं राहिलेलं कॅन्सर रुग्णालय आहे. डॉ. भगवान नेने यांनी तिथे जे काम उभं केलं त्याची सुरुवात कोणत्याही मोठ्या यंत्राने झालेली नाही. ती मोजणीने झाली. १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी कॅन्सरची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागासाठीची देशातली ही पहिली नोंदवही. शहरात अशी नोंदवही ठेवायची म्हणजे रुग्णालयांतले कागद गोळा करायचे. खेड्यात कागदच नसतात. माणूस आजारी पडतो, घरात झिजतो, जातो. मग यांनी काय केलं? कार्यकर्ते गावोगाव पाठवले. सरपंच, शिक्षक, गावातली जाणती माणसं यांना भेटायचं, कुणाला गाठ आहे, कुणाला अंगावरून रक्त जातंय, हे विचारायचं, लक्षणं समजावून सांगायची, आणि संशय आला तर रुग्णालयात आणायचं.

या मोजणीतून दोन गोष्टी पुढे आल्या. या भागातल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर गर्भाशयमुखाचा होता. आणि दुसरी, आम्हाला जास्त बोलकी वाटते ती : नुसत्या गावोगावच्या बोलण्याने, कोणतीही चाचणी न करता, बायका आधीच्या टप्प्यावर यायला लागल्या. हे काम कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली छापून जगापुढे ठेवलं. मोठा प्रयोग बार्शीच्या वाट्याला आला तो याच्या जिवावर. गावाला माणसं ओळखीची होती.

१९९९ साली तो प्रयोग सुरू झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑन शहरातली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था, अशी तिघांची भागीदारी. डॉ. आर. शंकरनारायणन, डॉ. नेने, डॉ. सुरेंद्र शास्त्री ही त्यातली प्रमुख नावं. उस्मानाबाद जिल्ह्यातली ४९७ गावं घेतली, त्यांचे ५२ समूह केले आणि सोडत काढून समूह चार गटांत वाटले. सोडत बायकांची नाही, गावांच्या समूहांची, हे लक्षात घ्या. एका गावात शेजारणीला एक तपासणी आणि हिला दुसरी, असं झालं असतं तर प्रयोग तिथेच मोडला असता. ३० ते ५९ वयाच्या एकूण १,३१,७४६ निरोगी बायका. एका गटाला एचपीव्ही चाचणी, ३४,१२६ बायका. एकाला पॅप, ३२,०५८. एकाला व्हिनेगरची तपासणी, ३४,०७४. आणि चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायकांना कोणतीही तपासणी नाही, जी काही नेहमीची आरोग्यसेवा गावात होती तीच. या चौथ्या गटाकडे आपण परत येणार आहोत.

कामाचं स्वरूप डोळ्यांपुढे आणा. घरोघर याद्या. सासूला समजावणं. "मला काय बी झालं नाही, मी कशाला येऊ?" हा प्रश्न तिकडे जसा विचारला जातो तसा आपल्याकडे "मले काई झालंच नाई" असा विचारला जातो. आणि प्रश्न रास्त आहे. काही झालेलं नसताना तपासायचं, हीच या तपासणीची अट आहे, आणि हेच पटवणं सगळ्यात अवघड. तरीही एचपीव्ही गटातल्या २७,१९२ बायका आल्या. दर दहांतल्या आठ. आपल्याकडे साध्या रक्तदाबाच्या शिबिराला किती येतात ते आठवून पाहा.

आता निकाल. इथे थोडं हळू जाऊ, कारण रिपोर्टचा अर्थ इथेच आहे.

पहिल्या तपासणीत एचपीव्हीच्या गटात २,८१२ बायका पॉझिटिव्ह आल्या. शंभरात दहा. या सगळ्यांना कॅन्सर होता का? नाही. ज्यावर उपचार करायलाच हवेत असा गंभीर बिघाड सापडला तो तपासलेल्या शंभरांत एकीलाही नाही, ०.९ टक्के. म्हणजे दहा-अकरा पॉझिटिव्ह बायकांमागे साधारण एक. बाकीच्यांच्या अंगात विषाणू होता, पेशी ठीक होत्या. म्हणून 'पॉझिटिव्ह' या शब्दाचा अर्थ इतकाच घ्यायचा : पुढे बघायला हवं. गर्भाशयमुख दुर्बिणीतून पाहायचं, त्याला कॉल्पोस्कोपी म्हणतात, किंवा निदान व्हिनेगर लावून पाहायचं, गरज पडली तर तुकडा घेऊन तपासायचा. बिघाड निघाला तर तेवढी जागा गोठवून किंवा तारेच्या कड्याने कापून काढतात. बाई त्याच दिवशी घरी जाते. पिशवी तशीच राहते.

आणखी एक मजा बघा. त्या पहिल्या दिवसाच्या हिशोबात तिन्ही तपासण्या जवळपास सारख्याच निघाल्या होत्या. गंभीर बिघाड पॅपने १.० टक्के शोधले, एचपीव्हीने ०.९, व्हिनेगरने ०.७. तिथे कोणी थांबलं असतं तर म्हणालं असतं, मग महागडी चाचणी कशाला? पण हे लोक थांबले नाहीत. आठ वर्षं त्यांनी या बायकांचा माग ठेवला. कोणाला कॅन्सर झाला, कोणत्या टप्प्यावर सापडला, कोण दगावलं. पुन्हा तीच बार्शीची मोजणी.

एप्रिल २००९ मध्ये निकाल न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. एचपीव्ही गटात एकूण १२७ कॅन्सर सापडले, तपासणी नसलेल्या गटात ११८. ऐकून कोणीही म्हणेल, मग फायदा काय झाला, उलट जास्तच! थांबा. त्या १२७ मधले पुढे गेलेले, म्हणजे दुसऱ्या टप्प्याचे किंवा त्याहून वरचे, ३९. आणि ११८ मधले ८२. तपासणीने कॅन्सर लवकर सापडले, हातात होते तेव्हा. मृत्यू एचपीव्ही गटात ३४, तपासणी नसलेल्या गटात ६४. गटांचा लहानमोठेपणा धरून हिशोब केला तर मृत्यूचा धोका निम्म्यावर आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत असा ठाम फरक दिसला नाही. जो दिसला तो योगायोगानेही पडू शकेल इतका कमी होता.

सुरुवातीला सारख्याच वाटलेल्या तपासण्या आठ वर्षांनी इतक्या वेगळ्या का निघाल्या? याचं उत्तर पॉझिटिव्ह बायकांमध्ये नाही, निगेटिव्ह बायकांमध्ये आहे. ज्यांची तपासणी 'काही नाही' म्हणाली त्यांचं पुढे काय झालं, हे पाहिलं गेलं. पॅप निगेटिव्ह बायकांमध्ये कॅन्सरचं प्रमाण लाखात १५.५, व्हिनेगर निगेटिव्हमध्ये १६.०, आणि एचपीव्ही निगेटिव्हमध्ये ३.७. पॅप आणि व्हिनेगर आज काय दिसतंय ते सांगतात. विषाणूची चाचणी येणाऱ्या वर्षांबद्दल बोलते, कारण विषाणूच नसेल तर पुढची लांबलचक वाट सुरूच होत नाही. आम्ही हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा आमचंही सगळं लक्ष पॉझिटिव्हच्या आकड्यांकडे होतं. या चाचणीचं खरं बळ तिच्या 'नाही'मध्ये आहे, हे नंतर उमगलं. जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही निगेटिव्ह बाईला पाच ते दहा वर्षांनी पुन्हा या असं सांगते, ते अशा पुराव्यांवर उभं आहे.

याचा अर्थ व्हिनेगरची तपासणी टाकाऊ, असा काढू नका. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. शास्त्री आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून १,५१,५३८ बायकांवर दुसरा प्रयोग केला. तिथे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी तपासलं, डॉक्टरांनी नाही, आणि एकदा नाही तर दोन-दोन वर्षांनी चार वेळा. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तमिळनाडूत दिंडीगुल जिल्ह्यातही व्हिनेगरने मृत्यू कमी झाले होते. म्हणजे स्वस्त साधन चालतं, पण त्याला पाहणारीचा तयार डोळा हवा आणि शक्यतो पुन्हापुन्हा पाहणं हवं. आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टर ही तपासणी करत असतील तर नाक मुरडू नये, करून घ्यावी.

आता चौथा गट.

मुंबई, उस्मानाबाद आणि दिंडीगुल, तिन्ही प्रयोगांत मिळून १,३८,६२४ बायका तपासणी नसलेल्या गटात होत्या. पुढे टीकाकारांनी हिशोब मांडला की त्यांच्यातल्या किमान २५४ या कॅन्सरने गेल्या. भारतीय वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकात यावर मोठा वाद झाला. टीका अशी : पॅपने हा कॅन्सर टाळता येतो हे जगाला कित्येक दशकं माहीत होतं, मग एवढ्या बायकांना बिनतपासणीचं ठेवणं बरोबर होतं का? आणि त्यांची संमती घेताना हे त्यांना नीट सांगितलं होतं का? संशोधकांचं म्हणणं असं की त्या काळी आपल्या खेड्यांत तपासणी नव्हतीच, त्यामुळे त्या बायकांकडून काहीही काढून घेतलं गेलं नाही, आणि तुलनेशिवाय सरकारला पटवता आलं नसतं.

आमचं मत सांगायचं तर दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते पुरं पडत नाही. 'गावात सेवा नव्हतीच' हे कारण जितकं खरं तितकंच लाजिरवाणं आहे, आणि ती लाज संशोधकांपेक्षा आपल्या सगळ्यांची जास्त आहे. ६४ विरुद्ध ३४ हा आकडा आम्ही मघाशी सहज उच्चारला. त्यातल्या ६४ बायका भूम-परांड्याकडच्या तशाच कोणाच्या तरी आई, जावा, नणंदा होत्या. आज अमेरिकेतल्या बाईला पाच वर्षं निर्धास्त राहा म्हणून सांगितलं जातं त्यामागे त्या गावांचाही पुरावा आहे. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

मग या पुराव्याचं पुढे काय झालं? जगात बरंच झालं. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलं की २०३० पर्यंत ७० टक्के बायकांची पस्तिशीच्या आत एकदा आणि पंचेचाळिशीच्या आत पुन्हा एकदा उत्तम दर्जाची तपासणी व्हावी. २०२१ साली तिने स्पष्ट शब्दांत एचपीव्ही डीएनए चाचणीची शिफारस केली. आपल्या देशात २०१६ च्या मार्गदर्शिकेत ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरने तपासणी करायची असं आलं. कागदावर ठीक. प्रत्यक्षात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या ज्या बायकांनी ही तपासणी कधीतरी झाली असं सांगितलं त्यांचं देशातलं प्रमाण १.९ टक्के निघालं. शंभरात दोनसुद्धा नाहीत. ज्या मराठी मुलखाने जगाला पुरावा दिला तो या देशाचाच भाग आहे.

एक वाट मात्र मोकळी होते आहे. विषाणूच्या चाचणीसाठी नमुना बाई स्वतःसुद्धा घेऊ शकते, आडोशाला जाऊन, मऊ ब्रशने. 'पुरुष डॉक्टर असेल तर मी येत नाही' हे म्हणणं त्यामुळे निकालात निघतं. जागतिक संघटनेने हे मान्य केलं आहे. आता ऑक्टोबर २०२४ पासून बुलढाण्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे. तिथे ही चाचणी आणि कॉल्पोस्कोपी एका छताखाली मिळते का, हा प्रश्न आपण नागरिकांनी विचारत राहायला हवा. कारण पॉझिटिव्ह सांगायचं आणि पुढच्या तपासणीसाठी बाईला दोन जिल्हे फिरायला लावायचं, यात चाचणीचा अर्थच हरवतो.

आणि हरवलेल्या अर्थाची किंमत काय असते ते बीडने दाखवलं आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऊसतोड कामगार बायकांची पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. त्यामागे पाळीची अडचण होती, बुडणारी मजुरी होती, आणि 'पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल' ही भीतीही होती. पांढरं पाणी जातं म्हणजे कॅन्सर नव्हे. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजेही कॅन्सर नव्हे. निव्वळ पॉझिटिव्ह रिपोर्टवर कोणी पिशवी काढायला सांगत असेल तर आधी विचारा : कॉल्पोस्कोपी झाली का? तुकडा तपासला का? त्याचा रिपोर्ट दाखवा.

दुसरी किंमत घरात मोजली जाते. विषाणू शरीरसंबंधातून येतो हे कळलं की काही नवरे बायकोकडे संशयाने पाहतात, काही बायका नवऱ्याकडे. पुरुष मंडळींनी हे नीट ऐकावं. ही चाचणी विषाणू आहे की नाही एवढंच सांगते. तो केव्हा आला, कोणाकडून आला, हे सांगत नाही, सांगूच शकत नाही. तो दहा-पंधरा वर्षं गुपचूप असू शकतो. लग्नाला वीस वर्षं झालेल्या घरात या कागदावरून भांडण काढणं म्हणजे थर्मामीटर पाहून चोर पकडण्यासारखं आहे.

आणि निगेटिव्हबद्दलही एक सावधगिरी. ही सगळी आश्वासनं लक्षणं नसलेल्या बाईसाठी आहेत. पाळी गेल्यावर रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, घाण वासाचं लालसर पाणी जायला लागलं, तर जुना निगेटिव्ह रिपोर्ट कपाटातच राहू द्या आणि डॉक्टरांकडे जा.

बार्शीचा आणखी एक उल्लेख करायचा मोह आवरत नाही. २००९ मध्ये एचपीव्हीच्या लसीचा मोठा अभ्यास देशात नऊ ठिकाणी सुरू झाला, त्यातही बार्शी होती. २०१० साली सरकारने लसीचे प्रयोग थांबवले, त्यामुळे हजारो मुलींना ठरलेल्या दोन-तीन मात्रांऐवजी एकच मिळाली. संशोधकांनी त्यांचाही माग सोडला नाही. एका मात्रेनेही भक्कम संरक्षण मिळतं, हे २०२१ साली त्यातून पुढे आलं, आणि २०२२ मध्ये जागतिक संघटनेच्या तज्ज्ञांनी एक मात्रा पुरते असं म्हटलं. पुण्याच्या सीरमची स्वदेशी लसही त्यानंतर आली. पण लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी करावीच लागते. लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही.

वेळ होत आला. चिठ्ठ्यांवर प्रश्न आले आहेत, त्यातला एक सगळ्यांच्या कामाचा आहे म्हणून घेतो. एका ताईंनी लिहिलंय, "माझी पिशवी काढलेली आहे, मला तपासणी लागते का?"

ताई, हे पिशवी कशासाठी काढली आणि किती काढली यावर आहे. काही शस्त्रक्रियांमध्ये पिशवी काढतात पण तोंड तसंच ठेवतात. तोंड राहिलं असेल तर तपासणी हवी. तोंडासकट काढली असेल आणि आधी कधी गंभीर बिघाड निघालेला नसेल, तर नको. कॅन्सर किंवा गंभीर बिघाडासाठीच काढली असेल तर मात्र डॉक्टरांकडे जात राहावं लागतं. हे तुमच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असेल, आणि काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा वेगळा रिपोर्टही मिळालेला असायला हवा. घरी गेल्यावर ट्रंकेत तो कागद आहे का ते बघा. नसेल तर ज्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली तिथे जाऊन मागा, तुमचा हक्क आहे. वाचता आला नाही तर गावातल्या सिस्टरला दाखवा.